शंभर फुटांवरचे गटार

सार्वजनिक गटार ज्या रस्त्याखालून जाते त्या रस्त्यावरच्या घराला परसातला उघडा संडास किंवा मैलाखड्डा ठेवण्याचा हक्क राहत नाही, हे तत्त्व आज जगातील बहुतेक शहरांच्या नियमांत आढळते. घर, अंगण आणि परसू ही मालकाची मालमत्ता असली, तरी तिथे साठलेला मैला जमिनीत मुरतो, शेजारच्या विहिरीत उतरतो आणि पावसाळ्यात गल्लीत येतो, म्हणून खासगी जागेतील त्या एका खड्ड्यापुरता नगरपालिकेचा हुकूम चालला पाहिजे, असा त्यामागचा विचार आहे आणि तो योग्य आहे. परंतु या हुकुमाला एक पूर्वअट असते, आणि नियमांची चर्चा होते तेव्हा तीच बहुधा मागे पडते: गटार खरोखर तिथे असले पाहिजे, त्याला उतार असला पाहिजे आणि त्याचे दुसरे टोक मैल्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रापर्यंत पोचले पाहिजे. रायपूरच्या जुन्या भागातील ब्राह्मणपाऱ्यासारख्या वस्तीत ही अट किती पाळली गेली, हे पाहिल्याशिवाय तेथील घरमालकाचे कर्तव्य कुठे सुरू होते आणि नगरपालिकेचे कुठे संपते, हे ठरवता येत नाही.

या विषयातले काही शब्द रोजच्या बोलण्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत, त्यामुळे ते आधी वेगळे करून घेणे आवश्यक आहे. टोपलीचा संडास म्हणजे ज्यात मैला खालच्या टोपलीत किंवा डब्यात पडतो आणि तो दररोज माणसाने उचलून न्यावा लागतो तो. मैलाखड्डा म्हणजे मैला आणि पाणी साठवणारी जमिनीतील विहिरीसारखी जागा. तिच्या भिंती झिरपणाऱ्या असतील तर पाणी मातीत जाते आणि गाळ उरतो, पक्क्या बांधलेल्या असतील तर ती भरली की उपसावी लागते. सेप्टिक टाकी ही याच्या पुढची पायरी होय: दोन कप्प्यांच्या बंद टाकीत घन भाग तळाशी बसतो, हवेशिवाय जगणारे जिवाणू त्याचे काही प्रमाणात विघटन करतात आणि वरचे पाणी शोषखड्ड्यात, म्हणजे विटांचे तुकडे व खडी भरलेल्या खड्ड्यात, सोडले जाते. ते पाणी दिसायला पुष्कळसे निवळ असले तरी रोगजंतूंपासून मुक्त नसते आणि टाकीतील गाळ साधारणपणे दोन ते तीन वर्षांनी उपसावा लागतो. भुयारी गटार म्हणजे घराघरांतला मैला पाण्याबरोबर वाहून नेणारी, जमिनीखाली उताराने घातलेली बंद नळी. रस्त्याच्या कडेने वाहणारी उघडी नाली ही मूळची पावसाच्या पाण्याची वाट आहे. या शेवटच्या दोहोंमधला फरक पुढच्या सगळ्या विवेचनाचा कणा आहे, कारण कागदावर तो स्वच्छ दिसतो आणि गल्लीत पुसट होतो.

ब्राह्मणपारा हा रायपूरच्या जुन्या वस्तीचा भाग आहे. छत्तीसगढात मोहल्ल्याला पारा म्हणतात. बुढा तलाव, महाराजबंध आणि कंकाली तलाव यांसारख्या तलावांभोवती हे जुने शहर वाढले आणि या तलावांचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या आंघोळ, धुणे आणि गुरांसाठी वापरले गेले. अशा रोजच्या वापराला तिकडे निस्तार म्हणतात. मराठी वाचकाला या शहराचा धागा ओळखीचा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या अठराव्या शतकाच्या मध्यास छत्तीसगढात पोचल्या, १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरातून कारभार पाहिला, आणि १८१८ नंतर, इंग्रज देखरेखीच्या काळात, कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आले. मराठी कुटुंबे या शहराच्या सार्वजनिक जीवनात पुढेही राहिली. सहकारी चळवळीतील कार्यकर्ते वामनराव लाखे यांचे नाव आजही शहरातील एका वसाहतीला आहे आणि हिंदी पत्रकारितेचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेले माधवराव सप्रे हेही मराठी घरातलेच होते.

रायपूरची नगरपालिका १८६७ मध्ये स्थापन झाली आणि १८९२ मध्ये खारून नदीवरून नळाचे पाणी शहरात आले. या पाणीयोजनेला नांदगावचे संस्थानिक बलराम दास यांचे नाव देण्यात आले, कारण खर्चाचा मोठा भाग त्यांनी उचलला होता. शहर-स्वच्छतेच्या इतिहासात अशा योजनांचे एक फळ नेहमी विचाराबाहेर राहते. विहिरीतून पाणी शेंदून आणणारे घर पाणी जपून वापरते, आणि परसातल्या कोरड्या संडासाला पाणी जवळजवळ लागतच नाही. नळ घरात आला की मोरीतून, नहाणीतून आणि पुढे संडासातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. जो खड्डा मातीच्या झिरपण्यावर वर्षानुवर्षे चालत होता तो भरू लागतो, आणि घरमालक सर्वांत सोपा उपाय करतो: खड्ड्याच्या वरच्या अंगाला एक नळी बसवून ती गल्लीतल्या नालीत सोडतो. पाणी आणण्याला दाता मिळतो, वापरलेले पाणी बाहेर नेण्याला क्वचितच मिळतो. भारतातील बहुतेक शहरांत नळ आणि गटार यांच्यामध्ये जे अंतर पडले, त्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि ते अंतर अनेक ठिकाणी शतक उलटले तरी भरून निघालेले नाही.

मैलाखड्डे सक्तीने बंद करण्याचा प्रयोग पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर लंडनमध्ये झाला, आणि त्याचा अनुभव आजही उपयोगी आहे. १८४८ मध्ये इंग्लंडात सार्वजनिक आरोग्याचा कायदा झाला आणि त्याच सुमारास राजधानीतील गटारांच्या आयोगाने घरोघरचे खड्डे बुजवून नळ्या गटारांना जोडण्याची मोहीम घेतली. घरांखालचा मैला नाहीसा झाला खरा, परंतु ती गटारे थेट थेम्स नदीत उघडत होती आणि शहराच्या पिण्याच्या पाण्याचा एक भाग त्याच नदीतून येत होता. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीला इतकी दुर्गंधी सुटली की संसदेचे काम चालवणे कठीण झाले, आणि त्यानंतरच अभियंते जोसेफ बॅझलजेट यांच्या मोठ्या गटारांना मंजुरी व पैसा मिळाला. दुसऱ्या बाजूने, खड्डे तसेच ठेवण्याची किंमतही त्याच शहराने मोजली होती. १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात पटकीने शेकडो माणसे मेली, डॉक्टर जॉन स्नो यांनी तिचा उगम एका सार्वजनिक पंपाच्या पाण्यात असल्याचे दाखवले, आणि नंतर खोदून पाहिले असता त्या पंपाच्या विहिरीपासून तीन फुटांच्या आत असलेल्या एका घराच्या मैलाखड्ड्याच्या विटा ढासळलेल्या आढळल्या. खड्डा ठेवणे धोक्याचे आहे आणि गटाराचे टोक न पाहता तो बंद करणेही धोक्याचे आहे, ही दोन्ही सत्ये लंडनला चार वर्षांच्या अंतराने शिकावी लागली.

भारतात या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात बसवण्याचा सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न मुंबईत झाला. मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा अधिनियम आजही, अनेक दुरुस्त्यांसह, लागू आहे आणि त्यातील गटारांचे प्रकरण वाचताना मसुदा करणाऱ्यांना गल्लीबोळांची किती बारीक माहिती होती याचा प्रत्यय येतो. एखाद्या जागेत पुरेसा निचरा नसेल आणि तिच्यापासून शंभर फुटांच्या आत महानगरपालिकेचे गटार असेल, तर आयुक्त लेखी नोटीस देऊन मालकाला किंवा भोगवटादाराला त्या गटारापर्यंत नळी घालून जोडणी घ्यायला लावू शकतो. गटार शंभर फुटांच्या पलीकडे असेल तर आयुक्ताला दोन मार्ग असतात: ठरवून दिलेल्या ठिकाणापर्यंत नळी बांधायला लावणे, किंवा ठरवून दिलेल्या साहित्याचा व आकाराचा बंद मैलाखड्डा बांधायला लावणे. अशा खड्ड्यालाही जागेचे बंधन आहे: तो इमारतीच्या कोणत्याही भागाखाली नसावा आणि तलाव, ओढा, झरा किंवा विहीर यांपासून वीस फुटांच्या आत नसावा.

शंभर फूट हे अंतर कोणत्याही शास्त्रीय मोजमापातून आलेले नाही. तो घरमालकावर टाकता येईल अशा खर्चाचा अंदाज आहे. कायदा जणू असे म्हणतो की सार्वजनिक संस्थेने गटार दारापासून शंभर फुटांपर्यंत आणून दिले तर उरलेला भार नागरिकाने सोसावा, आणि तिने तेवढे केले नसेल तर नागरिकाकडून जोडणीची अपेक्षा न करता त्याच्या खड्ड्याची शिस्त पाहावी. सक्तीची मर्यादा सार्वजनिक संस्थेच्या कामगिरीशी बांधण्याची ही रचना न्याय्य आहे. पुढे १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका अधिनियमातही निचऱ्याच्या तरतुदी याच धर्तीवर आल्या, आणि तो कायदा आज महाराष्ट्रातील मुंबईबाहेरच्या महानगरपालिकांना लागू आहे.

मुंबईच्या कायद्यात आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे दुर्लक्ष करून हा विषय पूर्ण होत नाही. जिथे भुयारी गटार नव्हते तिथे मैला वाहून नेण्याचे काम महानगरपालिका करीत असे आणि त्यासाठी घरमालकांकडून हलालखोर कर घेत असे. हलालखोर हे मैला वाहणाऱ्या कामगारांचे त्या काळचे नाव होते. चाळींच्या मागे दोन इमारतींच्या मधली चिंचोळी घरगल्ली याच कामासाठी राखलेली असे, कारण टोपल्यांची तोंडे त्या बाजूला उघडत आणि कामगाराला घराच्या दर्शनी भागाकडे यावे लागू नये अशी घरमालकांची इच्छा असे. ब्रिटिश काळातील अनेक नगरपालिका कायद्यांत असेही कलम होते की सफाई करणाऱ्या माणसाने पूर्वसूचना न देता काम सोडले तर तो शिक्षेस पात्र ठरेल. घराच्या भिंती, नळ्या आणि खड्डे यांचे नियम करणाऱ्या कायद्याने एका जातीच्या माणसांना त्या कामाला बांधून ठेवण्याचेही नियम केले, ही गोष्ट स्वच्छतेच्या इतिहासात ठळकपणे लिहिली गेली पाहिजे. जोवर उचलणारी माणसे स्वस्तात मिळत होती, तोवर गटारे घालण्याची निकड श्रीमंत वस्त्यांना भासत नव्हती. जुन्या शहरांत परसाच्या टोकाला असलेला संडास हा या व्यवस्थेचा वास्तुरूप अवशेष आहे. छत्तीसगढात घरामागच्या बागेला बाडी म्हणतात, आणि जुन्या घरांच्या रचनेत मैला उचलणाऱ्याची वाट घराच्या मागच्या अंगालाच असे.

महाराष्ट्रात या व्यवस्थेविरुद्ध सर्वांत चिकाटीने काम केलेल्या व्यक्तींत सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांचे स्थान वेगळे आहे. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचे काम मागितले; ते उच्च जातीचे असल्याने तुरुंगाधिकाऱ्यांनी ते नाकारले तेव्हा त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग घेतला आणि येरवड्यात असलेल्या गांधींनीही त्यांना पाठिंबा म्हणून उपवास केला. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैला कोणालाही हाताळावा न लागता त्याचे खत व्हावे अशा संडासाचे प्रयोग केले. मुंबई सरकारने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली. पुढे केंद्र सरकारने १९५७ मध्ये नेमलेल्या मलकानी समितीने तोच प्रश्न देशपातळीवर मांडला. डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत नाहीशी करायची तर आधी त्या पद्धतीची गरज ज्या संडासांमुळे पडते ते संडास बदलले पाहिजेत, हे या दोन्ही समित्यांच्या कामातून स्पष्ट झाले होते. तरीही देशपातळीवरचा बंदीचा पहिला कायदा १९९३ पर्यंत झाला नाही.

आज या बाबतीत सर्वांत वरचढ कायदा २०१३ चा आहे. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घालणारा आणि त्या कामगारांच्या पुनर्वसनाची तरतूद करणारा हा केंद्रीय अधिनियम त्या वर्षीच्या ६ डिसेंबरपासून लागू झाला. त्यात अस्वच्छ शौचालयाची व्याख्या दिली आहे: ज्यातील मैला पूर्ण कुजण्यापूर्वी माणसाला हाताने साफ करावा लागतो, मग तो जागेवरच असो किंवा ज्या उघड्या खड्ड्यात वा नालीत तो सोडला जातो तिथे असो, ते अस्वच्छ शौचालय. स्थानिक संस्थेने अशा शौचालयांची पाहणी करावी, भोगवटादाराने ते सहा महिन्यांत स्वखर्चाने पाडावे किंवा बदलून घ्यावे, आणि त्याने तसे न केल्यास संस्थेने किमान २१ दिवसांची नोटीस देऊन स्वतः ते काम करून खर्च वसूल करावा, असा क्रम त्यात घालून दिलेला आहे. राज्य सरकार मदत देऊ शकते, पण मदत मिळाली नाही ही सबब चालत नाही. गटारात किंवा सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे हा त्याच कायद्याखाली वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा आहे.

व्याख्येतील नालीचा उल्लेख ब्राह्मणपाऱ्यासारख्या जुन्या वस्त्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. २०११ च्या जनगणनेने देशात सुमारे १३ लाख १४ हजार घरांतील मैला थेट उघड्या नालीत जात असल्याची नोंद केली, आणि हा आकडा त्याच जनगणनेतील माणसांकडून मैला उचलला जाणाऱ्या सुमारे ७ लाख ९४ हजार शौचालयांपेक्षा बराच मोठा होता. टोपली गेली, पण तिच्या जागी पुष्कळ घरांनी नाली स्वीकारली, आणि ती नाली फावड्याने उपसणारा माणूस मात्र तोच राहिला. भरलेल्या सेप्टिक टाकीची जास्तीची नळी जेव्हा नालीत उघडते, तेव्हा घरातले फरशी घातलेले शौचकूप कितीही चकचकीत असले तरी ते त्या व्याख्येच्या काठावर येऊन उभे राहते. पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याने घरातल्या खोलीत डोकावण्यापेक्षा मागच्या भिंतीतून बाहेर येणारी नळी कुठे जाते हे पाहिले, तर पाहणीचे निष्कर्ष बदलतील.

रायपूरच्या जुन्या शहरात घरोघरचा मैला एकत्र करून नेणाऱ्या भुयारी गटारांचे संपूर्ण जाळे नाही. घरे सेप्टिक टाक्यांवर चालतात, टाक्यांचे पाणी आणि मोरीचे सांडपाणी उघड्या नालीत जाते, अशा नाल्या मोठ्या नाल्यांना मिळतात आणि ते नाले खारून नदीकडे वाहतात. खारून पुढे शिवनाथला आणि शिवनाथ महानदीला मिळते. केंद्राच्या अमृत योजनेखाली अलीकडच्या वर्षांत निमोरा, चंदनीडीह आणि कारा येथे एकूण २०० दशलक्ष लिटर दैनिक क्षमतेची सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभारण्यात आली, आणि नाल्यांचे पाणी नदीला मिळण्याआधी अडवून या केंद्रांकडे वळवण्याची पद्धत स्वीकारली गेली. नदीच्या दृष्टीने हे काम मोलाचे आहे आणि लंडनने १८५८ पूर्वी जी चूक केली तिची पुनरावृत्ती टाळणारे आहे. पण रचनेचा क्रम इथे उलटा झाला आहे, म्हणजे टोकाचे केंद्र आधी आले आणि घरापासून निघणारी बंद नळी अजून यायची आहे. नदी वाचते तेव्हाही गल्ली तशीच राहू शकते, कारण घर आणि केंद्र यांच्यामधला सारा प्रवास उघड्या नालीतून होतो.

त्या प्रवासाचे परिणाम रायपुरास माहीत आहेत. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० च्या उन्हाळ्यात शहराच्या काही वस्त्यांत कावीळ पसरली, आणि दूषित पाण्याचा माग काढताना नाल्यांतून किंवा त्यांच्या कडेने गेलेल्या जुन्या नळांच्या जोडण्यांकडे पुन्हा पुन्हा बोट दाखवले गेले. पाणीपुरवठा ठरावीक तासांपुरता होतो तेव्हा उरलेल्या वेळात नळात दाब नसतो, आणि ज्या फटीतून पाणी बाहेर गळते त्याच फटीतून नालीतले पाणी आत शोषले जाते. अशा प्रकारे पसरणारी कावीळ यकृतदाहाच्या विषाणूंमुळे होते, आणि तिचा ई प्रकार गरोदर स्त्रियांसाठी विशेष घातक असतो. याच्या जोडीला शहराखालची भूमीही अनुकूल नाही. रायपूरचा परिसर चुनखडक आणि शेल यांच्या प्राचीन थरांवर वसलेला आहे. चुनखडकात पाण्याने विरघळून भेगा आणि पोकळ्या तयार होतात, आणि जिथे माती पातळ आहे तिथे शोषखड्ड्यातले पाणी मातीत गाळले जाण्याऐवजी भेगेतून सरळ भूजलात उतरू शकते. विदर्भातल्या खोल काळ्या मातीत ज्या अंतराचा नियम पुरेसा ठरेल, तो चुनखडकावर पुरेसा ठरेलच असे नाही. १८८८ च्या कायद्यातले वीस फूट मुंबईसाठी लिहिले गेले. रायपूरच्या नियमांनी खड्डा, विहीर आणि तलाव यांच्यातील अंतर तिथल्या खडकाकडे पाहून ठरवले पाहिजे. कंकाली तलावाच्या आसपासच्या दाट घरवस्तीत तर ते अंतर राखायला जागाच फार थोडी आहे, आणि म्हणून तिथे शोषखड्ड्यापेक्षा बंद टाकी आणि नियमित उपसा हाच योग्य मार्ग ठरतो.

नियमित उपसा हा शब्द सोपा असला तरी त्याची अंमलबजावणी जुन्या वस्तीत अवघड असते. मैला खेचून घेणारा टँकर ज्या गल्लीत शिरत नाही तिथे लांब नळी लागते, टाकीचे झाकण स्वयंपाकघराच्या किंवा ओट्याच्या फरशीखाली गेलेले असते, आणि कुटुंब टाकी तुंबेपर्यंत वाट पाहते. तुंबल्यावर घाईने बोलावलेला माणूस आत उतरतो आणि टाकीत साठलेल्या हायड्रोजन सल्फाइड व मिथेन या वायूंनी, आणि प्राणवायूच्या अभावाने, काही मिनिटांत मरतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही बहुधा वाचत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ती ३० लाखांवर नेली. भरपाई वाढली हे चांगले झाले, पण टाकीचे झाकण फरशीखाली गाडू न देण्याचा साधा बांधकाम-नियम काटेकोरपणे पाळला गेला तर भरपाईची वेळच कमी येईल. २०१७ मध्ये केंद्राने मैलागाळ व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, त्याचे महत्त्व इथे आहे: गटार नसलेल्या शहरालाही मैल्याची जबाबदारी टाळता येत नाही, असे त्यात गृहीत धरले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील नागरी कुटुंबांपैकी ३२.७ टक्के कुटुंबेच नळीच्या गटाराला जोडलेली होती आणि ३८.२ टक्के सेप्टिक टाक्यांवर अवलंबून होती, त्यामुळे टाक्यांची शिस्त हाच बहुसंख्य शहरांचा खरा स्वच्छता-प्रश्न आहे.

कायद्याच्या दृष्टीने छत्तीसगढची स्थिती पुरेशी स्पष्ट आहे. रायपूर १९६७ मध्ये महानगरपालिका झाले आणि तिला मध्य प्रदेशाचा १९५६ चा महानगरपालिका अधिनियम लागू झाला. २००० मध्ये राज्य वेगळे झाल्यावर तो छत्तीसगढचा म्हणून कायम राहिला. गटारे, नाल्या व सार्वजनिक शौचालये बांधणे आणि स्वच्छ ठेवणे ही त्या कायद्यात महानगरपालिकेची आवश्यक कर्तव्ये मानली आहेत, आणि खासगी संडास व मैलाखड्डे यांबाबत नोटीस काढण्याचे अधिकारही तिला आहेत. व्यवहारात अधिकारांची आठवण लवकर होते आणि कर्तव्यांची उशिरा. यावर भारतातील सर्वांत ठाम न्यायनिर्णय त्याच जुन्या मध्य प्रदेशातून आला आहे. रतलाम शहरातील एका वस्तीतील रहिवाशांनी उघड्या नाल्या, कारखान्याचे सांडपाणी आणि शौचालयांअभावी रस्त्यावर साठणारी घाण यांविरुद्ध दंडाधिकाऱ्याकडे तक्रार केली. त्याने सार्वजनिक उपद्रव दूर करण्याच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १३३ खाली नगरपालिकेला नाल्या व शौचालये बांधण्याचा आदेश दिला, आणि नगरपालिका पैसा नसल्याची तक्रार घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० मध्ये तिचे म्हणणे फेटाळले. ज्या संस्थेची स्थापनाच सार्वजनिक आरोग्यासाठी झाली आहे तिला निधीची चणचण हे कर्तव्यातून सुटण्याचे कारण होऊ शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

या निर्णयाला दिलेले महत्त्व योग्य असले तरी त्याचा एक भाग कमी वाचला गेला आहे. रतलामचे रहिवासी स्वतःही घाण करणाऱ्या व्यवस्थेचा भाग होते, तरी न्यायालयाने त्यांना आधी आपली घरे सुधारा असे सांगितले नाही. सार्वजनिक सोय आधी, खासगी सक्ती नंतर, हा क्रम त्यातून दिसतो, आणि तोच १८८८ च्या शंभर फुटांच्या कलमातही आहे. याचा अर्थ घरमालक मोकळा सुटतो असा होत नाही. २०१३ च्या कायद्याखाली अस्वच्छ शौचालय बदलण्याचे कर्तव्य गटार असो वा नसो लागू होते, आणि त्याचे कारण उघड आहे: गटार येईपर्यंत कोणीतरी मैला हाताने उपसत राहावा, अशी मुभा कोणत्याही सभ्य कायद्याला देता येत नाही. म्हणजे जोडणीची सक्ती गटारावर अवलंबून आहे, पण मैला माणसाच्या हाताला लागू न देण्याची सक्ती कशावरही अवलंबून नाही. या दोन सक्ती नोटिशीत वेगळ्या लिहिल्या गेल्या तर बराच घोळ टळेल.

ब्राह्मणपाऱ्यात उद्या बंद गटार घातले गेले, तर जोडणीच्या प्रश्नात आणखी काही अडचणी उभ्या राहतील आणि त्यांचा विचार आधीच व्हायला हवा. जुन्या घरांत अनेक वारस आणि अनेक भाडेकरू असतात. २०१३ चा कायदा एकाहून अधिक भोगवटादार असतील आणि मालक त्यांच्यापैकी एक असेल तेव्हा भार मालकावर टाकतो, पण वाटणी न झालेल्या घरात मालक कोण हेच दिवाणी न्यायालयात अडकलेले असते. मागच्या बाडीतला संडास गल्लीच्या पातळीपेक्षा खाली असेल तर नळीला उलटा उतार मिळतो आणि पंपाशिवाय जोडणी होत नाही, तेव्हा त्या खर्चाचा वाटा महानगरपालिकेने उचलणे न्याय्य ठरते. जोडणी झाल्यावर जुनी टाकी उपसून, गाळ बाहेर काढून, वाळू किंवा मुरूम भरून बुजवली पाहिजे. रिकामी सोडलेली टाकी पुढच्या पावसाळ्यात फरशीसकट खचते. आणि पावसाचे पाणी घेणारी नाली त्या गटारापासून कायम वेगळी राहिली पाहिजे, नाहीतर रायपुरात जुलै-ऑगस्टच्या एका जोरदार पावसात गटाराची झाकणे उचलली जातील आणि मैला पुन्हा गल्लीत येईल.

बंद गटार येईपर्यंत रहिवाशांच्या हाती रतलामच्या लोकांनी वापरलेला मार्ग आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १३३ ची तरतूद आता कलम १५२ म्हणून आहे, आणि उपविभागीय दंडाधिकारी त्याखाली अहवालावरून वा माहितीवरून सशर्त आदेश देऊ शकतो. असा अर्ज करताना नाली कोणत्या घरापासून कोणत्या नाल्यापर्यंत जाते, नळाची नळी तिला कुठे ओलांडते आणि टाक्यांच्या जास्तीच्या नळ्या कुठे उघडतात, याचा हाताने काढलेला नकाशा जोडला तर तो कोणत्याही सविस्तर तक्रारीपेक्षा अधिक परिणामकारक ठरतो.